सासूबाईंच्या आकड्यांची रेघ

१९७४ साली सूनबाईंचं संशोधन शेवटाला आलं होतं. पाण्याच्या उंच नळीत बारीक खड्यापासून लिंबाएवढ्या गोट्यापर्यंत काय काय सोडायचं आणि ते किती वेगाने बुडतं ते मोजायचं. मग जाडी, वेग वगैरे एकमेकांत असे गुणायचे-भागायचे की सेंटिमीटर, सेकंद सगळे उडून निव्वळ दोन आकडे उरावेत. त्यांच्या आलेखाची रेघ सरळ आली तर पदवी, नाही तर पुन्हा नळी.

शेवटचा आलेख त्यांनी रविवारी घरीच काढायला घेतला. नवरा वेग वाचणार, त्या ठिपके मांडणार. त्या पेन्सिलीला टोक करायला वळल्या न वळल्या तोच नवऱ्याच्या कोपराने चहाचा कप आडवा केला. वेगांचा कागद धुऊन निघाला. नवऱ्याने तो मुकाट्याने खिशात कोंबला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठलं.

"आई, पटापट आकडे सांग. दहा ते नव्वदमधले."

"कसले रे?"

"कसलेही! हळू बोल."

सासूबाईंना नातेवाइकांची वयंच तेवढी तोंडपाठ. "धाकटा मामा एकसष्ट. त्याची नात अकरा. वन्सं अठ्ठेचाळीस, पण सांगतात बत्तीस."

"दोन्ही चालतील."

ती वयं नवऱ्याने ठणठणीत आवाजात वाचली. आणि रेघ आली ती पट्टीने आखल्यासारखी!

सोमवारी त्यांचे मार्गदर्शक सर हरखून गेले. "बाई, अशी रेघ मी जन्मात पाहिली नाही! गुरुवारी भर सभेत दाखवू."

रात्री जेवताना मात्र सूनबाईंचा घास अडला. "अहो, एका गोट्याचा वेग अठ्ठेचाळीस आणि त्याच्याच मापाच्या दुसऱ्या गोट्याचा बत्तीस, असं कसं?"

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "ते आमच्या वन्संचं वय!"

नवऱ्याने सांडलेल्या चहापासून मामांच्या वयापर्यंत सगळं कबूल केलं.

"पदवी गेली माझी!" सूनबाई ओरडल्या. "मामांच्या वयावर रेघ काढली मी!" पण मग वयांवरून रेघ सरळ येतेच कशी? उष्ट्या हाताने त्यांनी आलेख ओढला. एका आकड्यात जाडी, दुसऱ्यातही जाडी. खडा केवढासा आणि गोटा केवढा! जाडीच जाडीशी जुळत होती. वेग नुसता पाहुणा म्हणून बसला होता.

सकाळी आलेख घेऊन त्या सरांपुढे उभ्या राहिल्या. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे खऱ्या वेगांचीही रेघ सरळच येणार?"

"हो सर. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही."

सरांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. "सुटलो, बाई! गुरुवारी हे दुसऱ्या कुणी दाखवलं असतं, तर तोंड कुठे लपवलं असतं आपण? आता आपणच दाखवू."

सभेत दोन आलेख लागले, एक आधीच्या प्रयोगांतल्या खऱ्या वेगांचा, एक वयांचा. खरा कोणता, ते कुणालाही ओळखता आलं नाही. सूनबाईंना पदवी मिळाली ती त्यावरच.

सरांनी निवृत्त होताना वयांचा आलेख घरी नेऊन भिंतीवर लावला. नवऱ्याला पुढे कुठलाही कागद हातात मिळाला नाही, चहा मात्र जन्मभर त्यालाच करावा लागला. सासूबाई, निम्मी पदवी आपली, असं शेवटपर्यंत सांगत राहिल्या. ते वन्संच्या कानावर गेलं, तशा त्या सूनबाईंना घेऊन तडक सरांच्या घरी आलेख बघायला गेल्या.

"यात माझा ठिपका कोणता गं?"

सूनबाईंनी बत्तीसवर बोट ठेवलं.

"बघा!" वन्सं म्हणाल्या. "शास्त्रही तेच सांगतंय."