दोन विनम्र आकडे

गोलनारचा प्रबंध एका आकड्यावर अडला होता. यज्द शहरातल्या एका जुन्या घराच्या छपरावर बादगीर होता, म्हणजे वरचा वारा धरून खालच्या दालनात सोडणारा उंच मनोरा. त्यामुळे अंगणापेक्षा दालन किती थंड राहतं, हे दोन निवृत्त प्राध्यापकांनी आपापल्या संकेतस्थळावर दिलं होतं. उस्ताद तफ्ती म्हणत आठ अंश, उस्ताद मलेकजादे म्हणत अकरा. घर तेच, महिनाही तोच.

"इंटरनेटवर आहे म्हणून खरं नसतं, पोरी," तिच्या मार्गदर्शक फरंगीसखानम म्हणाल्या. "कोणाचा बरोबर ते शनिवारपर्यंत शोध. नाहीतर तुझी तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी."

गोलनारने दोघांनाही आदराने ईमेल लिहिली, की आपला आकडा दुसऱ्या उस्तादांच्या आकड्याशी जुळत नाही, खुलासा करावा. इथेच तिचं चुकलं असावं.

तफ्तींचं उत्तर आलं, "मलेकजादेंपुढे माझं ज्ञान ते काय! त्यांचाच खरा." मलेकजादेंनी लिहिलं, "तफ्तींच्या पायाची धूळ मी. आठच धरा." सकाळी बघते तर तफ्तींच्या पानावर अकरा आणि मलेकजादेंच्या पानावर आठ!

तिने घाईने तफ्तींना फोन केला. "उस्ताद, त्यांनी तुमचा आकडा घेतला की हो!"

"अरे देवा! माझ्यामुळे त्यांना माघार घ्यावी लागली? थांब, आत्ता बदलतो."

मलेकजादेंनाही फोनवर तसंच वाईट वाटलं. आकडे मूळ जागी आले. मग मात्र संकोच इतका वाढला, की संध्याकाळी दोघांनीही आकडा पुसून खाली लिहिलं, 'याविषयी त्या थोर उस्तादांचं पान पाहावं.'

फरंगीसखानमनी दोन्ही पानं आलटून पालटून उघडली. "हा त्याच्याकडे पाठवतो, तो याच्याकडे! आता तूच मोज. आणि दोघांना चहाला बोलाव. समोरासमोर कसे टाळतात बघू."

शुक्रवारी भर दुपारी गोलनारने एक तापमापक त्याच घराच्या अंगणात टांगला, एक दालनात. दोन्ही उस्ताद नेमके एकाच वेळी दाराशी पोचले.

"आपण आधी."

"छे, छे! वयाने आपण मोठे."

"विद्येने आपण मोठे, साहेब."

"शिवाय आपण उजव्या हाताला आहात, आणि उजवीकडच्यांनीच आधी जायचं असतं. आता बोलूच नका."

आत चहा निवत होता. दार सताड उघडं, उन्हाची झळ थेट दालनात. गोलनारने तापमापक वाचले. फरक आठ अंश!

"तफ्ती उस्ताद, तुमचं बरोबर!"

"नाही हो, काहीतरी चुकलं असेल," बाहेरून तफ्ती कळवळले.

शेवटी फरंगीसखानमनी दोघांच्या पाठीला हात लावून त्यांना एकदमच आत ढकललं आणि दार लावून घेतलं. चहा पुन्हा झाला, कोत्ताब नावाच्या मिठाईची बशी रिकामी झाली. गोलनारने पुन्हा वाचलं. फरक अकरा.

"उस्ताद," तिने हळूच विचारलं, "तुम्ही मोजलंत तेव्हा दार..."

"उघडं होतं," तफ्ती ओशाळून म्हणाले. "दारावरून जाणाऱ्याला वाटायला नको, की आपल्याला पाहून लावून घेतलं."

"मी लावलं होतं," मलेकजादे त्याहून ओशाळले. "गंजीवर होतो. तशा अवतारात कोणाला दिसणं बरं नव्हे."

"मग पानावर दाराचं लिहायचं नाही?" फरंगीसखानम कडाडल्या.

"दाराचं काय लिहायचं?" दोघं एकदमच म्हणाले. "वाचणाऱ्याला एवढंही कळत नाही, असा अर्थ झाला असता."

गोलनारची परीक्षा वेळेवर झाली आणि परीक्षकांना दाराचं प्रकरणच सगळ्यात आवडलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिने उस्तादांच्या संशोधनाचे आभार मानले, फरंगीसखानमच्या संशयी स्वभावाचेही मानले. शेवटचं वाक्य लिहिताना तिचे डोळे खरोखरच भरून आले होते, 'आणि त्या दुपारी दोन्ही गुरुजन लगेच आत आले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.'