टपावरची गच्ची

मुलीची पाठ दुखू लागली, म्हणून आम्ही जीपच्या टपावर कॅरियर बसवायचं ठरवलं. यात बेकायदेशीर एवढंच. पुढचं सगळं नियमानुसार झालं.

मुलगी डोंगरातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्याचे शेवटचे चौदा किलोमीटर कागदावर डांबरी आहेत. प्रत्यक्षात नुसते दगड. टेम्पोवाल्यांनी हात जोडले. मुलगी वर्गातले दोन बाक जोडून त्यांवर झोपत होती, आणि फोनवर "मजेत आहे मी" म्हणताना मधेच "आई गं" म्हणत होती. तिचा पलंग आमच्याकडे पडून होता. जीपही होती. पलंग जीपमध्ये मावत नव्हता, तेव्हा तो वर बांधायचा, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं.

पण आमच्या घरी घड्याळजी आहेत. आमचे हे तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्यांना कुठलीच वस्तू पुरेशी चांगली दिसत नाही.

वेल्डर म्हणाला, "काका, चार पाइप आडवे, दोन उभे मारतो. चहा पिऊन या, तयार असेल."

ह्यांनी वहीत आराखडा काढला. त्याला नऊ दिवस लागले. आधी मजबूत पत्र्याचा तळ झाला. मग कठडा झाला. कठडा हाताला बोचू नये म्हणून त्यावर गोल पाइप झाला. मागे शिडी झाली, आणि तिच्या पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून बारीक रेघा.

"अहो, पलंगच न्यायचाय ना आपल्याला?"

"मग? पलंग न्यायचाय म्हणून काम कसंही करायचं?"

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं. मी वेल्डरकडे. आम्ही दोघांनी एकमेकांना मनातल्या मनात माफ केलं.

गाडीत बदल केला की वाहन कार्यालयाला कळवावं लागतं. अर्ज एका पानाचा असतो. त्यात 'बदलाचे थोडक्यात वर्णन' असा रकाना आहे. तिथे इतर माणसं 'कॅरियर' असं लिहून मोकळी होतात. ह्यांना जागा पुरली नाही. पुरवणी जोडली: 'सपाट, मजबूत तळ. चहूबाजूंनी कठडा. वर जाण्यास सुबक शिडी. चार माणसं पाय पसरून बसू शकतील. वारा उत्तम.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"तळ आहे?"

"आहे की!"

"कठडा?"

"पावणेदोन फूट. चारी बाजूंनी सारखा."

"शिडी?"

"पाच पायऱ्या, साहेब. बघायलाच या."

"मग ही गच्ची आहे," साहेब म्हणाले. "गच्ची आमच्याकडे येत नाही. समोरच्या इमारतीत बांधकाम विभाग आहे. मंजुरीपर्यंत गाडी हलवू नका."

"साहेब, ते साधं कॅरियर आहे हो," मी म्हटलं.

"बाई, मी कुठे काय म्हणतोय? तुमचे मिस्टर म्हणतायत. खाली सही आहे त्यांची."

ह्यांनी सही निरखून पाहिली. खोडता येण्यासारखी नव्हती.

बांधकाम विभागातल्या बाई फार मायाळू निघाल्या. "गच्ची देऊ की," त्या म्हणाल्या, "पण हवेत कशी देणार? खाली घर दाखवा."

"खाली जीप आहे."

"मग जीपच दाखवा ना. एवढं काय त्यात!"

अशा रीतीने आमची जीप तळमजला झाली. चार दारांपैकी एक मुख्य दरवाजा ठरला, तीन खिडक्या ठरल्या. स्वयंपाकघराचं कसं करायचं म्हणून आम्ही गडबडलो, तर बाईच म्हणाल्या, "इंजिन तापतं ना? मग स्वयंपाकघर तिकडेच दाखवा." गच्चीवर पाण्याची टाकी लागते म्हणून ह्यांनी ती बसवली, आणि तिला न गळणारा नळही लावला. मी खरं तर भांडायला हवं होतं. पण एव्हाना मलाही त्या जागेचा लळा लागला होता. मी मागच्या खिडकीला पडदे शिवले. पोस्टमन वायपरमध्ये पत्रं खोचू लागला.

पाहणीला निरीक्षक आले. सगळं फिरून, म्हणजे दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे टाकून म्हणाले, "घर छान आहे. हवेशीर. त्रुटी एकच. चाकं."

"चाकांचं काय?"

"घराला चाकं कशी चालतील? उद्या घर कुठे गेलं तर आम्ही शोधायचं कुठे?"

चाकं काढली. घर विटांवर ठेवलं. आठवड्याभरात प्रमाणपत्र आलं. कॅरियर पूर्णपणे कायदेशीर झालं होतं.

ह्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, मंजूर झालं!"

"मग पलंग कधी आणताय, बाबा?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. पलीकडे बाक करकरला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरांच्या रांगेतला अंडीवाला दारात उभा. त्याची जीप आमच्याहून जुनी. टपावर दोन फळ्या आणि एक दोर.

"वहिनी, पलंग द्या इकडे. मला तसंही त्या वाटेला अंडी पोचवायचीत."

"दादा, पण तुमच्या फळ्यांना मंजुरी आहे का?"

"कुणाची?"

त्याने पलंग वर चढवला, करकचून बांधला आणि गेला. संध्याकाळच्या आत परत आला. एकही अंडं फुटलं नव्हतं. मुलीचा फोन त्याच्याआधीच आला होता. "आई, आता झोपते गं," एवढंच म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते. मी डोळे पुसले.

नंतर आम्ही दोघं आमच्या गच्चीवर बसलो. वारा उत्तम होता. समोर अंडीवाल्याची जीप उभी होती.

"फळ्या म्हणजे तळच झाला," हे म्हणाले.

"आणि दोर म्हणजे कठडाच की," मी म्हटलं.

"आपण चाकं काढली. हा बघ, बिनदिक्कत फिरतोय."

माणूस देवासारखा आहे, याबद्दल दुमत नाही. आमच्या तक्रार अर्जातलं पहिलं वाक्यच ते आहे. पण दोन महिने आम्ही जोडे झिजवायचे आणि त्याने दोन फळ्यांवर काम भागवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? रांगेतल्या अकरा जणांना हे तत्काळ पटलं. त्यांतल्या नऊ जणांचं सामान त्यानेच कधी ना कधी पोचवलेलं आहे, त्यामुळे त्यांनी साक्षीदार म्हणूनही सह्या केल्या.

बारावी ओळ रिकामी आहे. तुम्ही इथवर आमच्याच बाजूने हसत आलात ना? मग आता नखं काय बघताय? हे घ्या पेन.