गजाननची जीभ

गजानन आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला, त्या दिवशी बायकोने त्याला रीतसर पाणी दिलं. त्याने एक घोट घेतला, गुळणी करावी तसा तोंडात फिरवला, छताकडे पाहिलं आणि गिळून म्हणाला, "साडेतीनशे. पानी चांगलं हाये काकू, पन टाकी कवा धुतली होती?"

बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला टाकीत उतरवलं. टाकीतून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडेतीनशे म्हणजे लिटरभर पाण्यात तितके मिलिग्राम क्षार. ते मोजायचं यंत्र गजाननच्या पिशवीत कायम असे. पण आकडा तो आधी जिभेने सांगायचा, आणि मग यंत्र बुडवून यंत्र बरोबर चालतं की नाही ते तपासायचा.

हा मनुष्य पस्तिशी ओलांडून अमरावतीत पीएचडी करत होता. विषय होता पृथ्वी, सागर आणि वातावरण विज्ञान. मी म्हटलं, "बाकी ठीक आहे, पण सागर? अमरावतीत?"

"काका, समुद्र गेला. मीठ ठेवून गेला ना."

हे त्याचं मत. त्याच्या मार्गदर्शक मॅडमचं मत वेगळं होतं आणि त्या वादात वर्षं चालली होती. गल्लीला मात्र त्याच्या विषयातला वातावरण हा एकच शब्द कळला. कुरडया वाळत घातलेली प्रत्येक बाई खालून हाक मारी, "गजूभाऊ, पानी येईन काय?" तो वरूनच सांगे, "बाई, मी खालच्या पान्याचा हाये, वरच्या पान्याचा नाई."

खालचं पाणी म्हणजे खारपाण. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला-अमरावतीत हा पट्टा पसरलाय. विहिरीला पाणी लागतं, पण इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि त्यापायी त्या गावांत कोणी मुलगी द्यायला धजत नाही. गजानन तिथलाच, दर्यापूरच्या पुढचा. बार्शीटाकळीला एक मुलगी बघायला मीच त्याच्याबरोबर गेलो होतो. मुलीच्या वडलांनी गावाचं नाव ऐकलं आणि पोह्यांची बशी अर्ध्यावर थांबवली. "आमी खारपानात पोरगी देत नाई."

गजाननने हातातल्या पाण्याचा घोट फिरवला. "तुमच्या बोअरचं तरी कुठं गोड हाये? नऊशेच्या वर हाये."

पोहे तिथेच राहिले. वरात निघायच्या आधीच आम्ही निघालो.

मोटरसायकलवर मागे बसून तो म्हणाला, "आमच्या घरची विहीर गोड हाये काका. साऱ्या पट्ट्यात एकच." ती वडलांनी स्वतः खणली होती. त्या विहिरीच्या बोलीवरच त्यांचं लग्न जमलं. आई नांदगाव खंडेश्वरची, गोड पाण्यातली. तिच्या बापाने पहिला प्रश्न पाण्याचाच केला आणि वडलांनी छातीठोकपणे सांगितलं, आमची विहीर गोड. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावाकडे माय अजून तेच सांगते. हे सांगताना गजाननचीही छाती फुगे.

मग एवढी अद्भुत विहीर प्रबंधात नको? तर नकाशावर पट्ट्यातली गावंच्या गावं आकड्यांनी भरलेली आणि बरोबर याच्या गावावर भोक. दुसऱ्याच्या घरी जाऊन पाण्याला नावं ठेवणारा हा प्राणी स्वतःच्या घराचं नाव काढलं की टाळाटाळ करी. "पुढच्या खेपेले." शेवटी मॅडम कडाडल्या. महिनाअखेर नोंदणी संपते, ते भोक भरल्याशिवाय मी सही करणार नाही. सही नाही म्हणजे पीएचडी नाही, सगळी वर्षं पाण्यात.

मीच त्याला गाडीवर घालून गावी नेलं.

मायने आम्हाला लखलखीत तांब्यातून पाणी दिलं. खरंच गोड होतं. गजानन एक घोट प्याला आणि आकडा न सांगताच तांब्या खाली ठेवला. मग त्याने नमुन्याची बाटली काढली. "माय, विहिरीचं पानी पाह्यजे. तपासाले."

"आन, मी भरतो," म्हणत माय बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी बसलो होतो तिथून चुलीमागचा कोपरा दिसत होता. तिथे फिल्टरच्या विकतच्या पाण्याची कॅन होती. माय तिच्या तोटीखाली बाटली धरून बसली होती. मी पाहिलं, आणि मी पाहिल्याचं गजाननने पाहिलं. खारपाणात ही रीतच आहे, पाहुण्याला कॅनचं, घरच्यांना विहिरीचं. पोरगा आला की इथे तोही पाहुणाच होत असणार.

मायने भरलेली बाटली आणून दिली. गजाननने ती अंगणात ओतली आणि विहिरीकडे निघाला.

"तिकडं काहून चालला? भरली ना म्या."

त्याने बादली सोडली, ओढली, पेलाभर पाणी घेतलं. तोंडात फिरवलं नाही, वर पाहिलं नाही, एका दमात सगळं प्याला.

माय दारात उभी होती. "तुले मालूम होतं?"

"अमरावतीत पह्यल्यांदा पानी प्यालो तवापासून. मेसवाल्याले इचारलं होतं, पान्यात साखर टाकली काय म्हनून."

"मंग बोलला काहून नाई?"

"तू कवा बोलली?"

माय विहिरीच्या काठावर बसली. "तुह्या बापानं लग्न झाल्यावर पह्यल्या दिवशी याच पान्याचा पेला देला मले. घोट घेतला अन् त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं. लय भेले होते बिचारे. म्हनलं, गोड हाये." ती हसायला लागली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "खारं हाये रे. लय खारं हाये."

मी उगाच मोटरसायकलची साखळी बघत राहिलो.

गजाननने विहिरीच्या पाण्याने बाटली भरली, बूच घट्ट लावलं. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "किती असेल रे?"

त्याने मागे बसल्या बसल्या बाटलीचं बूच पुन्हा दाबलं.

"यंत्र सांगन, काका."