आडव्या बाटलीचा मालडबा

माझ्या हातून आयुष्यात एकच वस्तू सुबक झाली, आणि तिनेच गावाचं वाटोळं केलं.

साल २००४. मी मुरबाडच्या एका शाळेत क्लार्क, राहायला वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. खेळातल्या आगगाड्या बनवणं हा माझा छंद. (सारिका, म्हणजे आमची बायको, त्याला ‘घरात भुसा पाडणं’ म्हणते.) त्या वर्षी डोंबिवलीतल्या हौशी मंडळींनी स्पर्धा काढली. जुन्या काळचा वाटेल असा मालगाडीचा डबा स्वतः डिझाइन करून आणायचा. मी ठरवलं, बिअरच्या कारखान्याचा डबा करू. इंग्रजांच्या काळात गोऱ्या पलटणींना बिअर रेल्वेनेच जात असणार. कारखाना मी मनानेच काढला, ‘ग्रॅनबी ब्रुअरी, स्थापना १८८७’. (मी स्वतः थेंबाला शिवत नाही. मला ताकानेही झोप येते.)

वीतभर डबा. प्लायच्या पट्ट्या, टाचण्यांची डोकी कापून केलेले रिव्हेट, छताला बर्फ टाकायची झाकणं. बाजूवर बाटली काढली ती आडवी, कारण उभी काढली तर नखाएवढीच मावली असती.

सारिका तेव्हा गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या मागे होती. बायकांचं मतदान ठरलं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अशा घरात बिअरचा डबा! ती मला उंबऱ्याबाहेर काढणार, हे मी धरूनच चाललो होतो. तिने डबा फिरवून पाहिला.

“बाटली आडवी आहे.”

“जागा नव्हती गं.”

“अहो, हेच मोठं काढून द्या, गावच्या फाट्यावर लावू. वरच्या वाडीतल्या बायकांना वाचता येत नाही. त्यांना सांगते, फाट्यावर जशी बाटली दिसेल, चिठ्ठीवरच्या तसल्याच बाटलीवर शिक्का मारा.”

चौदा वर्षांच्या संसारात, सिलिंडर उचलणं सोडलं तर तिने माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं. मी चार फुटी फळीवर डब्याची अख्खी बाजू उतरवली, रिव्हेटसकट. फक्त चाकं गाळली, बायकांचा घोटाळा नको म्हणून.

वरच्या वाडीतली हौसा फळी बघायला आली. नवऱ्याचा मार खाऊन ती घरोघर फिरत होती, बायका गोळा करत होती. कपाळावरची खोक अजून ओली होती. बाटलीवरून हात फिरवत म्हणाली, “भावजी, ही बाटली निजली ना, का मंग आमचा दादलाबी घरी निजंल.”

मतदानाच्या आदल्या दिवशी फळी ठोकायची होती, आणि त्याच दिवशी डोंबिवलीत डबा द्यायची शेवटची तारीख. मी डबा निवडला. फळी धाऊ सुताराच्या हाती दिली आणि सांगितलं, “फाट्यावरच्या खांबाला घट्ट ठोक.” धाऊने ठोकली.

मतदान झालं. आम्ही एकतीस मतांनी हरलो. वरच्या वाडीच्या त्रेचाळीस बायका ओळीने आल्या होत्या आणि एकजात उभ्या बाटलीवर शिक्का मारून गेल्या होत्या.

“हौसा, उभीवर?” सारिकाने तिला वाटेतच गाठलं.

“मंग? खांबावर होती तशीच मारली. समद्या बायांना मीच दाखवली.”

आम्ही फाट्यावर गेलो. खांबाला माझी फळी उभी ठोकलेली, बाटलीचं तोंड आभाळाकडे. धाऊला बोलावलं, तर तो माझ्यावरच डाफरला.

“खांब उभा, त्याला चार फुटाची फळी आडवी कशी राहंल? वाऱ्यानं गिरकी घेतली असती. आनि बाटली काय कोनी आडवी ठेवतं का? सांडंल ना!”

हौसा खांबाखाली मटकन बसली. रडली नाही, नुसती फळीकडे बघत राहिली. मला मात्र रडू आलं, आणि माझ्या रिव्हेटांची इतकी किळस आली की एकेक नखाने उपटावासा वाटला. (फळीवरचे नुसते रंगवलेले होते. उपटणार काय?)

स्पर्धेत माझा डबा पहिल्या सहांत आला नाही. डबे एकूण सातच होते.

पुन्हा मतदान मागायचं तर वर्षभर थांबणं आलं. बायकांची बैठक आमच्याच ओटीवर बसली. मी चहा देत होतो. नवीन फळीचा विषय निघताच हौसा म्हणाली, “फळी नको गो बाय. भावजींनाच फाट्यावर आडवं निजवू. त्यांना कोन उभं करनार हाय?”

मी मोठ्याने हसलो. एकटाच हसलो. बायका माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत निरखून बघत होत्या. मग सारिकाने वहीतून मान वर केली आणि विचारलं, “अहो, तुमची रजा शिल्लक आहे ना?”