वजन वाढल्यास कळवावे

पत्राला उत्तर न देणे हा समाजकार्याचा पाया आहे. उत्तर दिले की प्रश्न संपतो, आणि प्रश्न संपला की कार्य संपते. बोरी अरबच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या विठ्ठलरावांनी हे तत्त्व कोठे वाचले नव्हते (वाचले असते तर पृष्ठ क्रमांक आठवला असता). ते त्यांना पुण्याच्या विजयमालाताईंच्या पत्रामुळे सुचले. पत्र संक्रांतीला आले होते. आता दसरा तोंडावर आला, तरी त्याचे उत्तर गेले नव्हते.

पत्रात वावगे काही नव्हते. कागद उत्तम, अक्षर गोल. शेवटी लिहिले होते, ‘आमची जमनी कशी आहे? तिचे वजन वाढल्यास कळवावे, म्हणजे आम्हांला दुसरे मूल घेता येईल.’

विजयमालाताईंनी जमनीला एका संस्थेमार्फत ‘घेतले’ होते, म्हणजे तिच्या नावाने त्या देणगी पाठवत. संस्थेचे पूर्ण नाव कोणालाच ठाऊक नाही, कारण फलक रंगवणाऱ्याने सुरुवात मोठ्या अक्षरांत केली आणि ‘सर्वांगीण ग्रामीण बालक व कुटुंब सक्ष’ येथे पत्रा संपला. काम मात्र पत्र्यापलीकडेही चालू होते. बोरी अरबजवळच्या धावजी नायकांच्या तांड्यावर मुलांना रोज सकाळी खिचडी, चण्याची उसळ आणि एक उकडलेले अंडे मिळे. संध्याकाळी अभ्यासाला दिवा आणि सतरंजी मिळे. त्यामुळे दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुले आजीजवळ राहत आणि शाळेत जात. पूर्वी तीही उसाच्या फडावर जात व तेथे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधण्याचे शिक्षण घेत. हा फरक संस्थेच्या अहवालात नाही, कारण त्यासाठी रकाना नाही. रकाना वजनाचा आहे.

नियम शास्त्रशुद्ध होता. ज्या गावात कमी वजनाची मुले, त्या गावात स्वयंपाकघर. सगळी मुले तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात आली की गाव विकसित झाले असे समजावे आणि भांडी पुढच्या गावी हलवावीत. छत्री उघडली की माणूस भिजत नाही. जो भिजत नाही त्याला छत्रीची गरज नाही. सबब छत्री काढून घ्यावी. इतके ते सोपे आहे.

प्रत्येक तांड्याचा एक ‘चेहरा’ असे. येथील चेहरा जमनीचा होता. तिचे डोळे मोठे आणि हाताची कोपरे टोकदार असल्याने संस्थेच्या दिनदर्शिकेत तिला ऑगस्ट महिना मिळाला होता. विठ्ठलराव या व्यवस्थेत मानद पत्रसमन्वयक होते. म्हणजे मुले बोलत, आणि ते त्याचे दात्यांना कळेल असे मराठी करत. जमनी म्हणाली होती, “अंडं मस्त लागते. पन हे बुढी खिचडीत एवढी मिरची कायले टाकते?” त्याचे ‘आहार रुचकर असतो’ असे झाले. मिरचीचा उल्लेख गाळणे प्रामाणिकपणाचे की अप्रामाणिकपणाचे, यात त्यांची एक दुपार गेली.

ही बुढी म्हणजे जमनीची आजी बिजलीबाई. तीच स्वयंपाक करी. तिच्या हाताला चव होती, आणि गावाचे नुकसान त्या चवीनेच केले.

पोळ्यानंतर संस्थेचा प्रकल्प अधिकारी रजत तांड्यावर आला. मुलगा चांगला होता. फक्त प्रशिक्षित होता.

“आजी, आता एकटी जमनीच पिवळ्या पट्ट्यात राह्यली,” तो म्हणाला. “पुढच्या वजनाले ते बी हिरव्यात गेली, का आपली सक्सेस.”

“अन् मंग?”

“मंग एक्झिट.”

“ते काय असते?”

“भांडे घेऊन जातो आमी.”

बिजलीबाईने हातातल्या पातेल्याकडे पाहिले आणि ते आत नेऊन ठेवले.

त्याच संध्याकाळी लिंबाखाली बैठक झाली. धावजी नायकांनी विषय मांडला. “एक तरी पोट्टं बारीक पाह्यजे गावात. नाई तं सारेच पोट्टे फडावर जातीन.” एक मूल कायम बारीक ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ते कोणाचे, या तपशिलावर मात्र प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाव मोठ्या मनाने सुचवले.

“तुमची नातच अर्धी बारीक हाये,” एक शेजारीण बिजलीबाईला म्हणाली. “तिलेच ठेवा तशी.”

“मी रांधीन, अन् माह्याच पोरीले उपाशी निजवीन? तू निजव तुह्या नवऱ्याले.”

ठराव अंमलबजावणीअभावी पडणार, तेवढ्यात उपसूचना आली. बारीक मूल बाहेरून आणावे. बिजलीबाईच्या भावाची नात रंजिता फुलसावंगीकडे राहत होती. ती काडीसारखी होती, आणि तिकडे अजून संस्था पोचली नसल्यामुळे तिचा बारीकपणा विनावापर पडून होता. तिला वजनाच्या महिनाभर आधी आणून तिचे नाव पटावर घालावे, असे ठरले. विठ्ठलरावांना हे गैर वाटले. बोलण्यासाठी त्यांनी घसा साफ केला. नायकांनी तो खोकला अनुमोदन म्हणून धरला.

रंजिता आली. योजनेत एकच त्रुटी होती, आणि ती बैठकीत कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती सगळ्यांच्या अंगातच होती. तांड्यावर पाहुण्याला न खाऊ घालता दारातून जाऊ देत नाहीत. त्यात रंजिता गुणी. ती कोणाला नाही म्हणत नसे. एका घरी भाकर आणि तुरीची डाळ, दुसऱ्या घरी गुळाची लापशी, तिसऱ्या घरी शेंगदाण्याचा लाडू (हा वाटेत खायला, म्हणजे चौथ्या घरापर्यंत). ठराव मांडणारे धावजी नायक तिला रोज वाटीभर दूध देत.

“नायक, तुमीच?” बिजलीबाईने विचारले.

“पाव्हनी हाये ना बापा. एक वाटी दुधानं काय व्हते?”

सर्वेक्षणात असे दिसून आले, की तांड्यातल्या शंभर टक्के घरांनी तिला ‘फक्त एक घास’ दिला होता. बिजलीबाईने सकाळचे अंडे धरून दोन.

वजनाच्या दिवशी रंजिता काट्यावर चढली आणि थेट हिरव्या पट्ट्यात गेली. पाठोपाठ जमनीही गेली. पाहुणीला सोबत म्हणून तीही घरोघर जेवली होती.

“काटा बराबर हाये ना, भाऊ?” धावजींनी विचारले.

“नवा हाये, नायक. अभिनंदन,” रजत म्हणाला.

गाव विकसित झाले. रीतसर समारंभ झाला. बिजलीबाईला शाल आणि प्रमाणपत्र मिळाले. आपण उत्कृष्ट स्वयंपाक केल्यामुळे आता आपल्या स्वयंपाकाची आवश्यकता राहिली नाही, असे त्यात छापले होते. तिने ते उलटसुलट पाहिले आणि शाल घडी करून फळीवर ठेवली. भांडी न्यायला गाडी दसऱ्यानंतर येणार होती. जमनीच्या बापाने बाजारातून एक लहान कोयता आणला. जमनी तो हातात धरून पाहत होती. अजून त्याला धार लावलेली नव्हती.

रजतने विठ्ठलरावांना बाजूला घेतले. “काका, मलेबी बरं नाई वाटून राह्यलं. पन वर आमचं ऐकते कोन? तिकडं फक्त देनाऱ्यायचं ऐकतात. जमनीच्या त्या पुन्याच्या ताईनं दोन ओळी लेहल्या असत्या, तं थांबले असते.”

बिजलीबाई मागेच उभी होती. “भाऊ, एवढे पुस्तकं वाचले तुमी. एक पत्र नाई होत काय?”

विठ्ठलराव घरी जाऊन बसले. पहिल्या मसुद्यात संस्कृत श्लोक आला, तो मसुदा गेला. दुसऱ्यात क्षमायाचना इतकी लांबली की जमनीपर्यंत कागद पुरला नाही. तिसरा पुढीलप्रमाणे उतरला:

‘आदरणीय विजयमालाताई, स. न. वि. वि. जमनीचे वजन वाढले आहे. ती रोज सकाळी खाते म्हणून ते वाढले, असा आमचा अंदाज आहे. वजन वाढल्यामुळे तिचे सकाळचे खाणे दसऱ्यानंतर बंद होत आहे. आपल्या घरची मुलेही सुदृढ असतील. ती सुदृढ झाल्यावर आपण त्यांचा नाश्ता कोणत्या तारखेपासून बंद केला, हे कृपया कळवावे. म्हणजे संस्थेलाही योग्य तारीख सुचवता येईल. आपल्याला आठवत नसल्यास शेजारी, नातलगांत, ज्यांच्या घरी मुले आहेत अशा कोणालाही विचारावे. कोणाचेही उत्तर चालेल.’

‘कळवावे’ हे उद्धट वाटते का, म्हणून त्यांनी ‘कळवण्याची कृपा करावी’ असे केले. मग ते लाचार वाटले, म्हणून पुन्हा ‘कळवावे’ केले. बोरी अरबच्या पोस्टासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी पाकीट पेटीत टाकले. मग फटीत बोटे घालून ते परत काढता येते का, हे पाहिले. येत नव्हते.