सतराव्या भागातली अजान

पाहुणे आले तेव्हा सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास उरला होता, आणि बहगतला नेमका त्याच वेळी सतरावा भाग बघायचा होता. रमजानातली ती खुनाची मालिका तो पहिल्या दिवसापासून न चुकता बघत होता, पण काल मेहुणीकडे जावं लागल्यामुळे नेमका हाच भाग हुकला, आणि आत्ता तो पुन्हा दाखवणार होते. पोस्टातले सहकारी त्या भागाबद्दल अवाक्षर काढायला तयार नव्हते. सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

"अहो, बंद करा तो टीव्ही!" सुहैर स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात म्हणाली. "पोरीचे होणारे सासरे आलेत."

"अगं, अजान कशी कळणार मग? अजानसाठीच लावलाय," बहगतने ठोकून दिलं. आवाज जरा वाढवून तो पाहुण्यांकडे वळला.

पाहुणे म्हणजे हाज दसूकी आणि त्यांचा मुलगा वाएल. हज करून आलेले हाजसाहेब निवृत्त मुख्याध्यापक. वाएलसाठी सांगून आलेल्या दोन मुली त्यांनी आजवर नाकारल्या होत्या. एकीच्या बापाच्या सदऱ्याला भरदुपारी सिगारेटचा वास आला म्हणून, दुसरीच्या भावाचं तोंड रोज्यात हलताना दिसलं म्हणून. बहगतची मुलगी निहाल आणि वाएल दोन वर्षं या एका जेवणाची वाट बघत होते.

"एक्केचाळीस वर्षं झाली," हाजसाहेब टेबलाशी बसत म्हणाले, "माझा एक रोजा चुकला नाही. माणूस ओळखायचा तर त्याला रोजा सुटायच्या आधीच्या पाच मिनिटांत बघावं."

बहगतने मान डोलावली, पण कान शेजारच्या खोलीत होते. तिकडे मात्र सगळा आनंदीआनंद होता. मालिकेतला इन्स्पेक्टर नादिर, आवाजावरून तरी, वीस मिनिटं नाईलच्या काठाने नुसता चालत होता. मग मेलेल्या बायकोची आठवण, मग तुपाची जाहिरात, मग पुन्हा नाईल. ना प्रेत, ना पुरावा. बहगतचा जीव अगदी विटला.

तेवढ्यात अजान झाली.

हाजसाहेबांनी मनगटाकडे बघितलं. "माझं घड्याळ मागे पडलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी बिस्मिल्ला केलं आणि सगळ्यांच्या आधी खजूर तोंडात टाकला. मग जर्दाळूचं सरबत फिरलं, सूप वाढलं गेलं. बहगतही अर्धा पेला प्यायला आणि आतून आवाज आला, "इन्स्पेक्टर, खुनी याच गल्लीत राहतो!"

अजान चालू असताना हा कसा बोलतोय? बहगत उठून आत गेला. पडद्यावर एका चहाच्या दुकानात नादिर रोजा सोडत बसला होता, आणि कोपऱ्यातल्या आकड्यांनुसार मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, अजून चार मिनिटं होती. आता सांगावं तर सोयरीक मोडते, आणि न सांगावं तर चार मिनिटांनी मशीदच सांगणार!

त्याने धावत जाऊन गॅलरीचं दार लावलं, मग दोन्ही खिडक्या.

"एवढ्या उकाड्यात दारं कसली लावताय?" सुहैर कावली.

"धूळ येतेय."

"बसा हो, सूप गार होतंय," हाजसाहेब म्हणाले.

"पोट बिघडलंय माझं," बहगत म्हणाला आणि त्याने पेला दूर सारला.

पण शुब्रा वस्तीतल्या मशिदी दोन खिडक्यांना थोड्याच दाद देतात? आधी रोजा सुटल्याची तोफ धडाडली, मग चारी बाजूंनी अजान सुरू झाली. हाजसाहेबांचा चमचा अर्ध्यावरच थांबला.

"ही कुठली?"

"ही... खरी," बहगत पुटपुटला.

"आणि मघाची?"

"मघाची मालिकेतली."

सुहैरने कपाळाला हात लावला, निहालचे डोळे भरून आले. हाजसाहेब लालबुंद होऊन उठले आणि मुख्याध्यापकी आवाजात गरजले, "पहिला खजूर कोणी खाल्ला?"

"तुम्ही, बाबा," वाएल हळूच म्हणाला.

हाजसाहेब एकदम खाली बसले. उद्या मशिदीत रोज्यावरचं त्यांचं प्रवचन ऐकायला त्यांच्यासमोर मांडी घालून बसणारी सगळी गल्ली त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली असावी. "एक्केचाळीस वर्षं..." ते क्षीण आवाजात म्हणाले. "हे बाहेर कळलं तर?"

निहालने डोळे पुसले आणि त्यांचा पेला भरला. "कळणार नाही, हाजसाहेब. घरातली गोष्ट आम्ही घराबाहेर जाऊ देत नाही."

"पण मी कुठे तुमच्या घरातला आहे?"

"ते तुमच्याच हातात आहे ना."

हाजसाहेबांनी तिच्याकडे टक लावून बघितलं. एवढी हुशार पोरगी दुसऱ्या कुणाच्या घरात गेलेली परवडणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

"वाएल, हात वर कर. सगळे करा. फातिहा वाचून लग्न पक्कं करू. आत्ता, ताबडतोब!"

"आधी सूप तरी..." बहगत म्हणाला.

"सूप नंतर!"