मारोतराव सरांचा तिवर

जे पिऊन माणूस जिवंत राहतो, त्यातच पाला भिजवायचा, असा आमचे शेजारी मारोतराव सर यांचा नियम होता. ते आदिलाबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. बाकीचे प्राध्यापक पानांचा अर्क काढायला बेंझीन नाहीतर ईथर वापरत. "पानातलं औषध काढाचं, अन् त्याच्यात जहर ठेवाचं काऊन?" असं म्हणत सर पाणी आणि मोहाची दारू एवढ्यावर भागवत. झालेला अर्क स्वतः चाखत आणि दिवसभर तोंड वाकडं करून शिकवत.

पाला मात्र त्यांना खाडीतल्या तिवराचाच लागे. आदिलाबादला कुठली खाडी? समुद्रकाठच्या काकिनाड्याचे साडू रेल्वेनं पोतं पाठवत. दारूच्या वासावर एकदा आबकारीचा जवान आला. सरांनी त्याच्यापुढे अर्धी वाटी अर्क धरला. एका घोटातच तो थुंकत सायकलवर बसला; गुन्हा लिहायचंही त्याला सुचलं नाही.

गल्ली हसायची, मीही. हे कशासाठी चाललंय, ते कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या तळपायाची जखम साखरेच्या आजारामुळे भरत नव्हती. तिकडचे कोळी जखमेवर हा पाला बांधतात, असं साडूंनी सांगितलं होतं.

तरी सरांनी अर्क एकदम काकूंना लावला नाही. ब्लेडनं स्वतःच्या पोटरीवर चीर पाडून आधी तिथं लावला. चीर भरून आली, तेव्हा सर पँट वर करून गल्लीभर दाखवत फिरले. मग काकूंना लावला. त्यांची जखम भरली नाही. पाय काळा पडत गेला. कापला नाही तर बाई जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एवढा बोलका माणूस, पण तिथं त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

काकू कुबड्या घेऊन घरी आल्या. सरांनी नळ्या, भांडी माळ्यावर टाकली आणि बोलणं जवळजवळ सोडलंच. नवं पोतं आलं, ते स्टेशनावर तसंच पडून राहिलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकू म्हणाल्या, "पोतं आना जाऊन."

"तुह्या पायाले उपेग नाही झाला. आता कोनासाठी आनू?"

"दुसऱ्या कोनाचा पाय असन ना."

सर उठले. त्यांनी पाणी गरम केलं, मनगटावर टाकून पाहिलं आणि काकूंच्या कापलेल्या पायाची पट्टी सोडायला बसले. दुखते का, त्यांनी हळूच विचारलं. काकू नाही म्हणाल्या. तरी पट्टीचा प्रत्येक वेढा सोडताना ते विचारतच राहिले.